उरलेली बॅटरी गावाची

आवाजाला उतार असतो, असं आमच्या घरमालकांचं ठाम मत होतं. पाणी जसं आपोआप सखल जागेकडं वाहतं तसा आवाजही वाहतो, आपण फक्त त्याची वाट मोकळी करून द्यायची. त्यामुळं गावात लग्न असो नाहीतर सभा, ते आधी अर्धा दिवस नुसते हिंडायचे. हात मागं बांधलेले, डोक्यावर मळकी टोपी, डोळे अर्धवट मिटलेले. लिंबाखाली थांबायचे, शाळेच्या ओट्यावर थांबायचे, कुणाच्या तरी उकिरड्यावर चढून उभे राहायचे. मग एकदम डोळे उघडून म्हणायचे, "हां. हितनं जातंय." कर्णा तिथंच बांधला जायचा. ती जागा मांडवापासून लांब पडो, नाहीतर वधूपिता तणतणो, चाचा जागा बदलत नसत.

सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले. तेरहून धाराशिवकडं येताना लागणारं ते गाव. कागदावर जिल्हा उस्मानाबाद, पण बोलताना धाराशिवच. मी मुलींच्या शाळेवर मास्तरीण म्हणून तिथं गेले तेव्हा निजामाचं राज्य जाऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. एकट्या बाईला खोली द्यायला गाव बिचकत होतं. कुणाला माझं वय अडचणीचं वाटायचं, कुणाला माझी नोकरी. चाचींनी मात्र मला आणि माझ्या पत्र्याच्या पेटीला एकदाच वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "शेजारी मटणाचं सालन शिजलं तर चालतंय का, बेटी?" मी म्हटलं, चालतंय. एवढ्या करारावर मी त्या घरात राहिले, आणि खरं सांगायचं तर माझ्या आयुष्यातली सगळ्यात निवांत वर्षं तिथंच गेली.

चाचा मूळचे कल्हईवाले. भाता, भट्टी आणि नवसागराचा तो नाकाला झोंबणारा धूर यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलेलं. मग सोलापूरला कुणाच्या तरी लग्नात त्यांनी कर्णा ऐकला आणि त्यांचं चित्तच ठिकाणावर राहिलं नाही. चाचींच्या भाषेत, "लगीन लागलं, लोक जेवले, उठले, आन् हे आपले कर्ण्याच्या तोंडात डोकं घालून बसलेले." परत आल्यावर त्यांनी नदीकाठचा जमिनीचा तुकडा विकला आणि एक वापरलेला संच घेऊन आले. एक मशीन, एक माइक, दोन बॅटऱ्या आणि एक भलामोठा कर्णा. पंचक्रोशीत तेव्हा दुसरा कर्णा नव्हता. चाची महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत म्हणे. नंतर बोलल्या त्या थेट माइकमधूनच.

कर्णा ओसरीत आढ्याला टांगलेला असायचा. एका उन्हाळ्यात चिमणीनं त्यात घरटं केलं. ऐन लग्नसराई होती. लोक इसाराचे पैसे घेऊन दारात यायचे आणि चाचा वर बोट दाखवून हलक्या आवाजात म्हणायचे, "घरात बाळंतीण हाय. पिल्लं उडू द्या." सोसायटीच्या चेअरमनसाहेबांच्या पुतण्याचं लग्नसुद्धा त्या वर्षी नुसत्या वाजंत्र्यावर झालं. चाचींनी कपाळ बडवून घेतलं, पण पिल्लांसाठी वाटीत कण्या त्याच ठेवायच्या.

माणूस माइक कसा धरतो यावरून चाचा त्याची पारख करायचे. लांब धरणाऱ्याच्या मनात काहीतरी लपवायचं असतं, तोंडात घालणारा भुकेला असतो, आणि दोन्ही हातांनी धरणाऱ्याला घरी कुणी बोलू देत नाही. निवडणूक आली की सगळ्या पक्षांचे लोक त्यांच्याकडं यायचे. सगळ्यांना एकच दर, एकच कर्णा. कुणी विचारलंच, की चाचा तुमचं मत कुणाला, तर म्हणायचे, "म्या कर्णा भाड्यानं देतो, कान न्हाय."

संध्याकाळी ते कधी कधी नदीपलीकडच्या टेकाडावर जायचे. आम्हीही जायचो, चाची आणि मी. खाली ज्वारीची शेतं पांढुरकी होत गेलेली, दूर बालाघाटची निळसर ओळ. चाचांचं म्हणणं, कर्ण्यातून निघालेला आवाज मरत नाही. तो जातो आणि त्या डोंगरांच्या कुशीत बसून राहतो. "समदं तितं हाय, बाई. लग्नं, भाषणं, अजान, कीर्तन. वारं पडलं की वापस येतं थोडं थोडं." मग आम्ही तिघं कान देऊन बसायचो. मी शाळेत मुलींना विज्ञान शिकवत होते, मला हे पटणं शक्यच नव्हतं. तरी त्या वेळी शेतांवरून जे काही हळू हळू येत राहायचं, कुणाची हाक, बैलाची घंटा, नाहीतर नुसतं वारं, त्याच्यात मला मधूनच एखादा शब्द सापडल्यासारखा वाटायचा.

पण चाचांना गाव ओळखत होतं ते एका वेगळ्याच रिवाजासाठी.

तेव्हा गावात वीज नव्हती. कर्ण्याचं मशीन बॅटरीवर चालायचं, आणि बॅटरी भरायची सोय एकाच जागी होती, चेअरमनसाहेबांच्या मळ्यात. तिथं विहिरीवर तेलाचं इंजिन होतं आणि त्याला डायनामो जोडलेला. बॅटरी एकदा भरली की दोन-तीन तास जायची. लग्न किंवा सभा त्याच्या आधी संपली, तर चाचा मशीन बंद करायचे नाहीत. पाहुणे उठले, सतरंज्या गुंडाळल्या, तरी मशीनमधले काचेचे दिवे तसेच तांबूस तेवत असायचे. चाचा माइक काढून खाली आणायचे, ओट्याच्या पायरीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "उरलेली बॅटरी गावाची. या."

आणि गाव यायचं. रांग लागायची. ज्याला जे बोलायचं ते त्यानं बोलावं, फक्त शिवी नाही आणि दुकानाची जाहिरात नाही. एक म्हातारा दर वेळी येऊन आपल्या बेंबळीला राहणाऱ्या मुलीला सांगायचा, की आम्ही बरे आहोत. बेंबळी कुठं आणि आवाज कुठं, पण त्याचा चाचांच्या उतारावर विश्वास होता. एक धनगर हरवलेल्या बोकडाला नावानं हाका मारायचा. माझ्या शाळेतली एक तोतरी मुलगी सतराचा पाढा म्हणून गेली, एकदाही न अडखळता, आणि मी ओट्यामागं जाऊन डोळे पुसले. एक सासू पदर सावरत माइकपर्यंत आली आणि म्हणाली, "आमची सून गुणाची हाय. घरात सांगायला जमत न्हाय म्हणून हितं सांगते." दिवे हळूहळू मंद व्हायचे, आवाज बारीक बारीक होत जायचा, आणि कुणाच्या तरी वाक्याच्या मध्येच तो विझायचा. ज्याचं वाक्य राहिलं, त्याचा पुढच्या वेळी पहिला नंबर.

हे कुठून सुचलं, असं मी एकदा विचारलं. चाचा म्हणाले, "कल्हई करताना, बाई, शेवटाला थोडं कथील उरायचं. भट्टी गरमच असायची. ते म्या कधी घरी न्हाय नेलं. जिच्याकडं द्यायला काय न्हाय, तिचा तांब्या उजळून द्यायचो. हेबी तसंच. भाषणवाल्यानं त्याच्या भाषणाचं दिलं. म्या माझं घेतलं. उरलं ते दोघांचंबी न्हाय."

दुसरं कारण मला चाचींनी सांगितलं, भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत, सगळीकडं हाणामारी आणि जाळपोळ चाललेली असताना, खालच्या गल्लीतल्या हौसाबाईनं आणि तिच्या नवऱ्यानं या दोघांना आपल्या रिकाम्या पेवात लपवलं होतं. जमिनीखालच्या त्या धान्याच्या कोठारात दोघं कितीतरी दिवस होते. "वरचं समदं ऐकू यायचं," चाची म्हणाल्या. "कोण रडतंय, कोण कुणाला शोधतंय, कोण आमालाच हाका मारतंय. आमाला आवाज करता येत नव्हता. तवापासून ह्यांना असंच हाय बघ. कुणी बोलायचं ऱ्हायलं, की ह्यांना रात्री झोप न्हाय." मग तव्यावरची भाकरी उलटून त्यांनी विषय बदलला. चाचांनी स्वतः मला यातलं कधीच काही सांगितलं नाही.

आता चेअरमनसाहेबांविषयी सांगायला हवं, नाहीतर ते उगाच खलनायक वाटतील. सोसायटीचे चेअरमन, पीठगिरणीचे मालक, पुढं पंचायतीतही तेच. माणूस गोड. शाळेच्या खिडक्या त्यांनीच बसवून दिल्या. गावातल्या प्रत्येक पोराचं नाव त्यांना ठाऊक, आणि कुणाच्या घरी कोण आजारी हेही. फक्त त्यांना ऊस लावायचा होता. उसाला पाणी लागतं, पाण्याला इंजिन, आणि इंजिन सुरू झालं की मळ्याखालच्या आडाचं पाणी तळाला जायचं. हा आड खालच्या गल्लीचा पिण्याचा. ऊन चढायच्या आतच तिथं नुसता गाळ राहायचा. बायका नदीत झरे खणून वाटीनं पाणी भरायच्या. तक्रार कुणी करायची? निम्मी गल्ली चेअरमनच्याच उसात रोजानं जायची. हौसाबाईही तिथंच जायची. नवरा वारला होता, पदरात दोन मुली, दोघी माझ्या शाळेत.

त्या वर्षी जिल्ह्याचे एक मोठे पाहुणे सभेला आले. भाषण झालं, टाळ्या झाल्या, चहा आला. पाहुणे कपबशी हातात घेऊन बसलेले असतानाच चाचांनी माइक पायरीवर ठेवला. पाहुण्यांना गंमत वाटली. हे काय आहे, असं त्यांनी विचारलं, आणि कुणीतरी कौतुकानं सांगितलं. एकदोघं बोलले. मग हौसाबाई पुढं आली. तिनं माइकला हात लावला नाही, नुसती वाकली.

"दादा," ती म्हणाली, आणि सगळ्यांना कळलं, कोणते दादा. "तुमचं इंजिन चालू द्या. ऊस जगला तर आमीबी जगू. पर आमाला सकाळच्या घागरी भरू द्या, मग चालू करा. एवढंच."

तिचा आवाज गावावरून गेला, मळ्यावरून गेला, आणि कुठल्या तरी भिंतीला लागून त्यातलं "एवढंच" परत आलं. पाहुण्यांनी बशीवरून मान वर केली. "इंजिन कुणाचं?"

"आमचंच," चेअरमन हसून म्हणाले. "बरोबर बोलली ती. उद्यापासून तसंच होईल."

आणि झालं. दुसऱ्या दिवशी इंजिनाची फटफट ऊन वर आल्यावर ऐकू आली. बायका घागरी डोक्यावर घेऊन घरी पोचल्या होत्या. हौसाबाईला पुढचे पंधरा दिवस उसात काम मिळालं नाही, नंतर मिळालं. मी तेव्हा तिशीच्या आतली होते, आणि मला वाटलं, देश असाच बदलणार. एक कर्णा, एक बाई, एक वाक्य. आज हसू येतं, पण त्या आनंदाची मला लाज वाटत नाही.

चेअरमन चाचांना काही बोलले नाहीत. फक्त पुढच्या सभेआधी चाचा बॅटरी आणायला मळ्यात गेले, तेव्हा ती अर्धीच भरलेली होती. "तेल महाग झालंय, चाचा," चेअरमन म्हणाले. "माझ्या भाषणापुरती भरलीय की. जास्तीची कशाला?" भाषण संपलं आणि दिवे विझले. चाचांनी माइक पायरीवर ठेवला, पण त्यातून नुसती खरखर आली.

त्यानंतर चाचा बॅटरी घेऊन एस.टी.नं धाराशिवला जाऊ लागले, तिथल्या मोटार दुरुस्तीवाल्याकडं. बॅटरी पोत्यात गुंडाळून मांडीवर. ॲसिडनं त्यांच्या प्रत्येक धोतराला भोकं पडली. कंडक्टर कुरकुरायचा, तर चाचा त्याला म्हणायचे, "पोर आजारी हाय, डॉक्टरकडं नेतोय." मिळकतीतलं बरंचसं त्या फेऱ्यांवर जायचं, आणि चाची धोतरांना ठिगळं लावता लावता असं काही बोलायच्या, की ते मला इथं लिहिता येणार नाही. पण उरलेली बॅटरी गावाला मिळत राहिली, आणि सकाळच्या घागरीही.

मग खांब आले.

बैलगाड्यांतून खांब आले, तारांची वेटोळी आली, खाकी पँटीतली माणसं आली. सगळं गाव त्यांच्या मागं फिरायचं. चाचा तर वेडेच झाले. ते खांबाला कान लावून उभे राहायचे. तारेत अजून काही नव्हतं, तरी त्यांना ऐकू यायचं. संध्याकाळी ओसरीत बसून ते मला सांगायचे, आणि सांगताना त्यांचा चेहरा असा उजळायचा, की त्यांना थांबवावंसं वाटत नसे. "बाई, बॅटरी म्हंजे तांब्याभर पाणी. कितीबी जपून वापरा, सरणारच. ही वीज नदी हाय. आता उरलंसुरलं नक्को. आता गावाला पुरं मिळंल. म्हातारी रातभर बोलली तर बोलू द्या. कुणाचं वाक्य मधीच तुटायचं न्हाय."

मलाही ते तसंच दिसायला लागलं. सगळं गाव बोलतंय, आवाज ज्वारीवरून वाहत चाललाय आणि कुणालाच घाई नाही. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता माझा हात थांबायचा.

ते सोलापूरला गेले आणि मशीन विजेवर चालेल असं करून आणलं. त्याच्या मोबदल्यात दोन्ही बॅटऱ्या तिथंच देऊन आले. चाची म्हणाल्या, एक तरी ठेवायची होती. ते म्हणाले, "नदी दारात आल्यावर मडकं कशाला?"

वीज आधी तीनच जागी आली. सोसायटीच्या कचेरीत, पीठगिरणीत आणि मळ्याच्या विहिरीवर. बाकी गावाचा नंबर पुढं लागणार होता. समारंभ शाळेच्या पटांगणात ठरला आणि तेच पाहुणे यायचे होते. मळ्यात इंजिनाच्या जागी विजेची मोटार बसली होती, ती दुसऱ्या दिवसापासून चालणार होती. हौसाबाई आदल्या संध्याकाळी आमच्याकडं आली. "चाचा, बोली इंजिनाची हुती. मोटारीची न्हाय," ती म्हणाली. "उद्या पाव्हण्यांदेखत दादांच्या तोंडून पुन्यांदा वदवून घेतलं पायजे. माझा पयला नंबर."

"पयलाच," चाचा म्हणाले. समारंभाच्या दिवशी ते सकाळपासून हिंडले आणि कर्णा त्यांनी मळ्याकडं तोंड करून बांधला. पाहुण्यांचं जेवण आणि मुक्काम मळ्यातच होता.

कचेरीतून पटांगणापर्यंत वायर ओढलेली. दिवेलागणीला कळ दाबली आणि ओट्यावरचा दिवा लागला. सगळ्या गावाच्या तोंडून एकदम "आँ" निघाला. खोटं कशाला बोलू, मलाही रडू आलं. मग भाषणं सुरू झाली. पाहुणे बोलले. चेअरमन बोलले. सोसायटीचे सेक्रेटरी बोलले, जे आधी कधीच बोलले नव्हते. पाहुणे पुन्हा बोलले. पूर्वी दिवे मंदावायला लागले की भाषणवाला आपोआप आवरतं घ्यायचा. आता मशीनमधले दिवे जराही मंद होत नव्हते. मी चाचांकडं बघितलं. ते मशीनशेजारी बसून त्या दिव्यांकडं टक लावून बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू ओसरत चालला होता. "ह्यांचं सरणारच न्हाय, बाई," ते पुटपुटले.

शेवटी सरलं. हार झाले, पाहुणे जीपमध्ये बसले, चेअरमन त्यांच्याबरोबर. जीप मळ्याकडं निघाली. चाचांनी माइक काढला आणि पायरीवर ठेवला. हौसाबाई पदर खोचून पुढं आली, वाकली, आणि "दादा" म्हणाली.

दिवा गेला. मशीन गेलं. सोसायटीचा कारकून कचेरीच्या दाराला कुलूप घालत होता.

चाचा धावत त्याच्याकडं गेले. "अरे बाबा, वीज गेली का?"

"गेली न्हाय, म्या बंद केली," तो म्हणाला. बिचारा खरोखर ओशाळला होता. "साहेबांनी सांगितलंय, पाव्हणे उठले की बंद. मीटर सोसायटीचं हाय, चाचा."

चाचा किल्लीकडं बघत राहिले. मग परत आले. पटांगणात कुणी उठलं नव्हतं. सगळे आपापल्या जागी बसून होते, उरलेल्याची वाट बघत. चाचांनी कुणाला काही समजावून सांगितलं नाही. त्यांनी माइकची वायर मशीनमधून उपसली आणि तो मुका माइक घेऊन ते लोकांच्या मधोमध येऊन बसले. हौसाबाईपुढं धरला. "बोल," म्हणाले.

ती बोलली. आडाविषयी, मोटारीविषयी, मुलींविषयी, उन्हाळा जवळ आल्याविषयी. तान्ही मुलंसुद्धा गप्प होती. सगळं गाव पुढं झुकून ऐकत होतं, आणि शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही तिचा शब्द न् शब्द कळला. मी चाचांजवळ गेले आणि म्हटलं, "चाचा, सगळ्यांना ऐकू गेलं. कर्ण्याशिवाय!"

ते वायर गुंडाळत होते. "गेलं, बाई. समद्यांना गेलं," ते म्हणाले. "ह्यांना तर आधीच ठावं हुतं. मळ्यापत्तर न्हाय गेलं."

सकाळी मी घागर घेऊन आडावर गेले. शाळेला उशीर होणार होता, पण घरी बसवेना. बायका होत्या, हौसाबाई होती, आणि काठावर चाचाही येऊन बसले होते. सगळ्यांचे कान मळ्याकडं. इंजिनाची फटफट नव्हती. एकदम शांत. हौसाबाईच्या चेहऱ्यावर हसू आलं. तिनं पोहरा सोडला. दोर सुटत गेला, सुटत गेला, आणि पोहरा ठण्णकन तळाला टेकला. मोटार पहाटेच सुरू झालेली होती. तिला आवाजच नव्हता.

चाचा उठले. त्यांनी धोतर झटकलं आणि हौसाबाईच्या हातातली रिकामी घागर काढून घेऊन स्वतःच्या खांद्यावर ठेवली. "आवाज जात न्हाय म्हणल्यावर," ते म्हणाले, "आपुनच जाऊ." आणि मळ्याच्या चढाला लागले. आम्ही मागून निघालो, सगळ्या रिकाम्या घागरी घेऊन. आयुष्यभर उताराचं बोलणाऱ्या माणसाला मी पहिल्यांदाच चढ चढताना बघत होते. त्यांना धाप लागत होती, तरी ते थांबत नव्हते.

मळ्यात मोटारीचं पाणी जाड धारेनं पाटात पडत होतं, आणि ऊस हिरवागार उभा होता. झोपडीवजा बंगलीच्या पडवीत खाटेवर पाहुणे पांघरूण घेऊन झोपलेले. चेअरमन चहाचा पेला घेऊन बाहेर आले. एवढ्या बायका बघून चपापले, पण लगेच नेहमीसारखे हसले आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, चाचा. पाव्हणे झोपलेत."

"म्हाइत हाय, साहेब," चाचा म्हणाले. "त्यांनाच उठवायला आलोत."

आणि त्यांनी खांद्यावरची घागर खाली उतरवली, कल्हईवाला भांडं तपासताना उभं धरतो तशी एका हातानं धरली, आणि दुसऱ्या हाताच्या मुठीनं तिच्यावर ठोका दिला. मागून दुसऱ्या बाईनं दिला, मग तिसरीनं. सगळा मळा घुमायला लागला. माझीही घागर मी कधी वाजवायला लागले ते मला कळलं नाही. पाहुणे दचकून उठून बसले, डोळे चोळत आमच्याकडं बघू लागले.

चाचांनी हात वर केला, तशा घागरी थांबल्या. मग ते बाजूला सरकले आणि हौसाबाई पुढं झाली.